वाळत घातलेली चादर

एदुआर्दाबाई,
तुमच्या वर्गात मला लहानग्यांच्या खुर्चीत बसवलंत,
गुडघे हनुवटीला टेकले.
फळ्यावर तुम्ही खडूनं देवमासा काढला होता.
शेपटी उभी, बांगड्यासारखी.
ती आडवी असते. पण मी बोललो नाही.
मग पोरांना विचारलंत, पुस्तकातला हा देवमासा
कशाचं प्रतीक आहे?
कुणी म्हणालं दैव. कुणी म्हणालं देव.
मागच्या बाकावरचा टेल्मो नख चावत म्हणाला, सूड.
तिघांनाही शाबासकी दिलीत
आणि माझ्याकडे वळलात.

तेव्हा माझ्या नाकात कढईतली चरबी शिरली, बाई.
चाळीस वर्षं झाली कढया थंडावून,
अजून एखाद्या सकाळी पावालासुद्धा तोच वास येतो.
देवमासा म्हणजे दिव्यातलं तेल, मी म्हणालो,
आईचे बूट,
दुकानदाराच्या वहीत खोडलेली आमची ओळ.
पोरं हसली. घंटा झाली.

राहिलेलं आता सांगतो.

बावीस वर्षं मी कड्यावरच्या खोपटात
उजाडल्यापासून दुर्बिणीला डोळा लावून बसलो.
बुटका फवारा, डावीकडे कललेला,
म्हणजे तोच, दातवाला.
मग रॉकेट उडवायचं.
द्राक्षमळ्यातली माणसं कुदळी टाकून धावत सुटायची,
एका होडीत सात जण,
आणि खाली लाटांत त्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही.
पाण्यात बसलेल्याला पाणीच दिसतं.
म्हणून आम्ही काळ्या दगडी गडग्यांवर चादरी पसरायचो.
एक चादर, पश्चिमेला वळा.
दोन, त्यानं बुडी मारलीय, थांबा.
एकही नाही, तर नाकासमोर.

त्या मंगळवारी मी एकही पसरली नव्हती.
तो नाकासमोरच होता,
ओंडक्यासारखा निवांत, श्वास घेत.
आणि होडी वळली.
माझा भाऊ हर्मिनियू पुढच्या टोकाला हार्पून धरून उभा,
आणि होडी वळली पश्चिमेला,
जिथं खाडीतला वारा काळी फळी उभारून येत होता.
मी ओरडलो.
कड्यावरून समुद्राला ओरडून काय होतं?
मग दुर्बीण खाली फिरवली, का ते ठाऊक नाही,
आणि आमच्याच परसातला गडगा दिसला.

रविवारी इदालिना बाळंत झाली होती.
बाळंतपणाची चादर तिनं तीनदा धुतली होती,
डाग पुरता गेला नव्हता,
आणि ऊन आधी जिथं येतं तिथं
तिनं ती वाळत घातली होती.

अकराव्या दिवशी एक वल्हं लागलं किनाऱ्याला.
गावानं तेच म्हटलं जे तुमच्या वर्गानं म्हटलं.
दैव म्हणाले. देव म्हणाले.
हर्मिनियूनं आदल्या वर्षी पिल्लू मारलं होतं, त्याचा सूड म्हणाले.
मी म्हणू दिलं.
घरी आलो तेव्हा चादर घडी करून पेटीत होती.
तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
पण त्या दिवसानंतर आमच्या घरचे कपडे
चुलीवर दोरी बांधून आतच वाळले, धुरकट, ओलसर.
मुलगी आता टोरांटोला असते. नातवंडांना सांगते,
तुमच्या आजीला वाऱ्याची भीती वाटायची.

इदालिना गेली त्याला दोन पावसाळे झाले.
मी अजून त्याच खोपटात बसतो.
आता खाली पर्यटकांच्या होड्या असतात,
फोनवर सांगतो, जरा डावीकडे घ्या,
ते फोटो काढतात, हात हलवतात.
त्या दिवशीचा तोच आहे की दुसरा, कसं ओळखणार?
त्याला काहीच माहीत नव्हतं, बाई.
चादरीलाही नव्हतं.
वाचणारे आम्ही होतो.

फळा अजून पुसला नसेल
तर तेवढी शेपटी आडवी करा.